पांढऱ्या फितीची माणसं

ज्या दिवशी समृद्धीच्या अंगठ्याखाली पांढरा दिवा लागला, त्या दिवशी रूपालीनं अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले होते. पुढं त्या पेढ्यांची आठवण झाली की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

रूपाली वायदंडे ही मिरजेच्या मुळवणकर रुग्णालयातली जुनी सिस्टर. समृद्धी तिची एकुलती एक लेक, नर्सिंगचं शिक्षण संपवून त्याच रुग्णालयात रुजू झालेली. दोघी एकाच घरातून, एकाच स्कूटरवरून कामाला यायच्या आणि फाटकातून आत शिरल्या की त्यांचे रस्ते वेगळे व्हायचे. आईच्या मनगटावर हिरवी फीत होती, मुलीच्या मनगटावर पांढरी. हिरव्यांचा जिना मागचा, पांढऱ्यांचा पुढचा. हिरव्यांनी तळमजल्यावर धुलाईघराशेजारच्या खोलीत डबा खायचा. पांढऱ्यांचं जेवणघर तिसऱ्या मजल्यावर, मोठाल्या खिडक्यांचं. मायलेकींनी बरोबर डबा खायचा तर रविवार उजाडावा लागे.

हे सगळं एका डबीनं केलं होतं. डबी म्हणजे ‘कवच’ नावाचं यंत्र, साबणाच्या पेटीएवढं. त्यावर अंगठा ठेवला की आतून प्रकाशाची एक बारीक तिरीप कातडीखालच्या रक्तात शिरे आणि त्या रक्तात कोणत्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आहेत ते ओळखे. सुई नाही, बाटली नाही, प्रयोगशाळा नाही. प्रतिपिंडं असली तर हिरवा दिवा, नसली तर पांढरा. यंत्र गुणी होतं, त्यानं कधी खोटं सांगितलं नाही. खोटेपणा जो झाला तो माणसांनी केला.

मुळवणकरमध्ये ते यंत्र आलं ते ए प्रकारच्या काविळीसाठी. या काविळीचा विषाणू रोग्याच्या शौचातून बाहेर पडतो आणि पाण्यातून, अन्नातून, नीट न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. लहानपणी झाली तर पोर चार दिवस जेवत नाही, किरकिर करतं आणि खेळायला लागतं. पण त्याचं शरीर तो विषाणू जन्मभर विसरत नाही. पुन्हा आला तर त्याला उंबऱ्यावरच हाणतं. मोठेपणी पहिल्यांदा झाली तर मात्र गडी महिना-दोन महिने अंथरुणाला खिळतो, आणि एखाद्याचं यकृतच बसतं. पूर्वी आपल्याकडं बहुतेकांना ती लहानपणीच होऊन जायची, कुणाला पत्ताही लागायचा नाही. मग फ्लॅट आले, गाळलेलं पाणी आलं, आणि त्या विषाणूची ओळखच नसलेली एक अख्खी पिढी मोठी झाली. वाईट काही झालं नव्हतं. फक्त अशा माणसांना लस टोचायला हवी होती. मेलेल्या विषाणूची लस, दोन सुया, सहा महिन्यांच्या अंतरानं. ती घेतली की अंगठा हिरवा. वस्तीत वाढलेल्याचा जेवढा हिरवा, तेवढाच.

एवढं सोपं होतं. पण सोप्या गोष्टी सुखासुखी होऊ दिल्या तर तो साहेब कसला.

रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. निरंजन पाटकर. यंत्र आलं त्याच वर्षी काविळीची साथ आली, आणि पाटकरांनी हुकूम काढला की ज्यांचे अंगठे हिरवे त्यांनी तात्पुरतं काविळीच्या वॉर्डात काम करावं, पांढऱ्यांना तिकडं पाठवू नये. साथीपुरतं ते शहाणपणाचंच होतं. साथ संपली आणि ‘तात्पुरतं’ तेवढं राहिलं. मग बेडपॅन, उलटीची तसराळी, शौचाचे नमुने, गटाराशी संबंध असलेलं जे जे काम ते सगळं हिरव्यांकडं गेलं. काविळीच्या वॉर्डाला पिवळा वॉर्ड हे नाव पडलं. ऑपरेशन थिएटर, हृदय विभाग, नवजात बाळांची खोली हे सगळं पांढऱ्यांचं झालं.

आणि हिरवे कोण होते? दगड काढून पाणी साठलेल्या खणीकाठच्या वस्तीतले, नदीकाठच्या गावांतले, अख्ख्या गल्लीला एक नळ असलेले. पांढरे कोण होते ते सांगायला नको. जात विचारायला कायद्यानं बंदी होती, अंगठा विचारायला नव्हती. बघता बघता वधूवर मंडळांच्या जाहिरातींत ‘पांढरी फीत’ असं छापून यायला लागलं, जसं पूर्वी ‘गोरी, सुस्वरूप’ यायचं.

आता कुणीही म्हणेल की पांढऱ्यांनी लस घेतली की मिटलं. तिथंच तर मेख होती. लस घेतली की अंगठा हिरवा, आणि अंगठा हिरवा झाला की पिवळा वॉर्ड. त्यामुळं शिकलेसवरलेले डॉक्टर आणि नर्सा, ज्यांनी लोकांना लसीचं महत्त्व सांगायचं, ते स्वतः लसीपासून पळू लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. बेडपॅनला हात लावण्यापेक्षा यकृत पणाला लावणं त्यांना बरं वाटलं. पाटकर म्हणत की लस ऐच्छिक आहे. त्यांनाही ते सोयीचं होतं, घाण उपसणारे हात आयते मिळाले होते.

रूपाली हे सगळं सोसून बसली होती. यंत्र येण्यापूर्वी ती हृदयाच्या ऑपरेशनात सर्जनच्या हातात हत्यारं देणारी सिस्टर होती. सर्जननं हात पुढं करायचा अवकाश, हवं ते हत्यार तळव्यात पडलेलं असे. मग एका सकाळी तिनं डबीवर अंगठा ठेवला, हिरवा दिवा लागला आणि खणीकाठी काढलेलं तिचं सगळं बालपण त्या उजेडात उघडं पडलं. दुसऱ्या दिवसापासून ती पिवळ्या वॉर्डाची इन्चार्ज. पगार तोच, मान तेवढा गेला.

म्हणून तर समृद्धीला तिनं जिवापाड जपलं. पाणी उकळून, वरून फडक्यानं गाळून दिलं. उरुसात पोरीनं बर्फाचा गोळा मागितला तर पाठीत धपाटा घातला. शेजारणी हसायच्या, वायदंडेबाईंची राजकन्या म्हणायच्या. तेव्हा लस द्यायची तिच्या डोक्यात होती, पण नवरा टेंपोच्या अपघातात गेला आणि त्या धांदलीत राहून गेली. नंतर यंत्र आलं आणि तिनं ती मुद्दामच राहू दिली. समृद्धी रुजू झाली, अंगठा पांढरा निघाला, तेव्हा रूपालीला वाटलं की आपल्या उकळलेल्या पाण्याला आज पदवी मिळाली.

पेढा घेताना वॉर्डातली एस्तेरमावशी तेवढी म्हणाली होती, “पेढं कशाचं वाटतीयास गं रूपा? पोरीला आधी सुई टोच.” एस्तेर लोंढे मिशनच्या चाळीत वाढलेली, बेडपॅन उचलून म्हातारी झालेली बाई. मनात एक आणि ओठावर एक असं तिला कधी जमलं नाही. रूपालीनं ते हसण्यावारी नेलं. घरी जाऊन लेकीला बजावून सांगितलं की काही झालं तरी लस घेऊ नकोस, हिरवी झालीस की माझ्या वॉर्डात येशील आणि मग तुझी सुटका नाही.

त्या वर्षी कृष्णेला दोनदा पूर आला. पाणी ओसरलं आणि महिन्याभरात काविळीचे रोगी यायला लागले. पिवळा वॉर्ड भरला, व्हरांडा भरला, मग जिन्याखाली खाटा पडल्या. हिरव्यांच्या रजा बंद झाल्या. एकेक जण दोन-दोन पाळ्या करत होता आणि तिसऱ्या मजल्यावर पांढरे नियमानुसार सुरक्षित होते. रूपालीनं पाटकरांना गाठून सांगितलं की वरच्यांना लस द्या, पंधरवड्यात तेही हाताखाली येतील. पाटकर समजूतदारपणे हसले. कुणाच्या दंडावर मी जबरदस्ती करू शकत नाही, सिस्टर, असं म्हणाले.

“माझ्या मनगटावर केलीत की,” रूपाली म्हणाली. पाटकरांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

अशातच हृदय विभागाचा वर्धापनदिन आला. त्या विभागाची एक जुनी प्रथा होती. त्या दिवशी डबे आणायचे नाहीत. मोठ्या पातेल्यात भडंगाची भेळ कालवायची आणि सगळ्यांनी त्याच पातेल्याभोवती बसून खायची. कालवायचा मान केतकी सिस्टरचा. एरवी हातमोज्यांशिवाय रोग्याची उशीसुद्धा न सरकवणारी ही बाई भेळीला मात्र मोकळ्या हातानं भिडायची, कारण चव हाताला असते. साथ चालू आहे, तेव्हा चमच्यानं कालवू या, असं एकालाही सुचलं नाही. का सुचावं? तिसऱ्या मजल्यावर सगळे पांढरे. रोग खाली, पिवळ्या वॉर्डात. मनगटावर पांढरी फीत मिरवणारे पाटकरही खास वर आले आणि दोनदा मागून घेऊन खाऊन गेले.

या काविळीची एक खोड नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. डोळे पिवळे होण्याच्या आधीचे दोन आठवडे रोगी सगळ्यांत जास्त विषाणू बाहेर टाकत असतो. त्या दिवसांत तो हसत असतो, कामाला येत असतो, भेळ कालवत असतो. आणि ज्या खोलीत एकाच्याही अंगात प्रतिपिंडं नाहीत, त्या खोलीत विषाणूला अडवायला कुणीच नसतं. हिरव्यांना हाकलून पांढऱ्यांनी आपलं जेवणघर सुरक्षित केलं नव्हतं, रोगासाठी पाट मांडून ठेवला होता.

केतकी सिस्टर दहाएक दिवसांनी पिवळ्या वॉर्डात दाखल झाली. हळदीनं माखल्यासारखी दिसत होती. सांगलीला पुरातल्या घरी आईबापांना मदत करायला गेली होती, तिथलं टँकरचं पाणी बाधलं होतं. ती रडत होती, पण दुखण्यानं नाही. रूपालीचा हात धरून तिनं विचारलं की बरी झाल्यावर मला इथंच ठेवतील का हो. रूपालीला आधी संताप आला. मग तिच्या लक्षात आलं की ही बया आपल्याच लेकीच्या वयाची आहे. तिनं केतकीचं तोंड पुसलं आणि विचारलं की गेल्या दोन आठवड्यांत तुझ्या हातचं कुणी काय खाल्लंय.

भेळीचं ऐकून रूपालीनं बोटांवर दिवस मोजले. समृद्धीनं खाल्लीच असणार. पण अजून वेळ होता. विषाणू पोटात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस टोचली, तर शरीर बहुतेक वेळा शर्यत जिंकतं. विषाणूचं बळ वाढायच्या आत प्रतिपिंडं तयार होतात. तीन-चार दिवस हातात होते.

त्या संध्याकाळी घरी जे भांडण झालं तसं त्या घरात कधी झालं नव्हतं. रूपालीनं आधी समजावलं, मग विनवलं, मग आवाज चढवला. समृद्धी ऐकेना. पुढच्या महिन्यात रुग्णालयात कृत्रिम हृदयाचं पहिलं ऑपरेशन होणार होतं आणि पाटकरांनी त्या पथकात तिची निवड केली होती. पथक पांढऱ्यांचं. लस घेतली की नाव कटणार, दुसरी येणार. शिवाय भेळ सगळ्यांनी खाल्ली आहे, कुणाला काही झालेलं नाही, असं तिचं म्हणणं.

“अजून झालेलं न्हाई,” रूपाली म्हणाली. “तीन आठवडं गेल्याशिवाय कळत न्हाई. काय शिकलीस गं तू?”

“तूच शिकवलंस, मम्मी. हिरवी होऊ नकोस म्हणून कोण सांगत होतं?”

“माझं चुकलं. ऐक आता. सुई घे.”

“तुझं आयुष्य बघितलंय मी. घरी आलीस की आधी अर्धा तास हात धुतेस, तरी जेवताना वास घेतेस हाताचा. बाबांच्या वर्षश्राद्धाला काकूनं तुला पुऱ्या लाटू दिल्या नाहीत. मला नाही व्हायचं तुझ्यासारखं.”

रूपालीचा हात उठला होता, तो तिनं आवरला. समृद्धीनं कपडे भरले आणि ती पांढऱ्यांच्या वसतिगृहात राहायला गेली. काकूनं पुऱ्या लाटू दिल्या नव्हत्या ही गोष्ट पोरीच्या एवढी मनात असेल, हे रूपालीला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं औषधाच्या दुकानातून लस विकत घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि वसतिगृहाच्या दारात गेली. दारावरच्या बाईनं मनगट बघितलं. हिरव्यांना आत सोडत नाही म्हणाली. रूपालीनं मग लेकीला खाली बोलवा असं सांगितलं. निरोप गेला, समृद्धी आली नाही. रूपाली तिसऱ्या दिवशीही गेली, चौथ्या दिवशीही गेली. डब्यातला बर्फ वितळला की ती समोरच्या रसवंतीतून नवा मागून घ्यायची. एकदा वरच्या खिडकीत समृद्धी दिसली आणि लगेच पडद्यामागं सरकली. फोन उचलत नव्हती. मुदत अशी फाटकाबाहेर उभ्या उभ्या संपली, आणि रूपालीला पहिल्यांदा जाणवलं की आपण लेकीला जपता जपता तिच्यात आणि आपल्यात केवढी मोठी भिंत बांधून ठेवली.

तिकडं पाटकरांनी चौकशी लावली. केतकीला कावीळ कशी झाली याची नव्हे. कुठल्या हिरव्यानं ती तिसऱ्या मजल्यावर नेली याची. केतकी स्वतः सांगत होती की मी सांगलीला गेले होते, तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. पांढरा माणूस रोग आणू शकतो हे मान्य केलं असतं तर सगळा डोलाराच कोसळला असता. शेवटी एस्तेरमावशी सापडली. तिनं महिन्यापूर्वी हृदय विभागात पाण्याचे जार पोचवले होते. तिच्या अंगात रोग असणं शक्यच नव्हतं, हातही ती धुतल्याशिवाय कशाला लावत नसे. तरी तिला घरी बसवलं. जाताना एस्तेर आपला चहाचा कप धुऊन पालथा घालून गेली. त्या दिवशी रूपालीनं औषधं वाटली, सलाइनं लावली, आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसली.

भेळीला चौथा आठवडा लागला आणि व्हायचं ते झालं. हृदय विभागातल्या दोन नर्सा आणि एक डॉक्टर एकदमच पिवळ्या वॉर्डात आले. डॉक्टर धडधाकट तरुण होता. तिसऱ्या दिवशी बरळायला लागला, यकृत बसलं, त्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. मागोमाग हृदयाची झडप बदललेल्या एका रोग्याला कावीळ झाली; त्या दिवशी हौसेनं त्यालाही वाटीभर भेळ दिली होती. तो बिचारा बरा होऊन घरी जायचा होता, तो रुग्णालयातच गेला. त्याची बायको रूपालीला विचारत होती की तुम्हीच आजारी, तर आम्ही कुणाच्या भरवशावर यायचं इथं. त्या बाईचं बरोबर होतं.

आता मात्र पाटकरांना सभा घ्यावी लागली. भरदुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या जेवणघरात. हिरव्यांनाही बोलावलं होतं, ते भिंतीला लागून उभे राहिले. पांढरे खुर्च्यांवर बसले. घरी बसवलेली एस्तेरही आली; तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि अडवायची कुणाची छाती झाली नाही. समृद्धी खिडकीकडं पाठ करून पहिल्या रांगेत बसली होती. रूपालीला तिच्या अंबाड्याखालची मान तेवढी दिसत होती.

पाटकर बोलले. हिरव्या कर्मचाऱ्यांनी हात धुण्याची शिस्त पाळलेली नाही, यापुढं त्यांनी वरच्या मजल्यावर पाय ठेवू नये. ज्यांना अजून लागण झालेली नाही त्यांच्यासाठी लस मागवली आहे, ती नेहमीप्रमाणं ऐच्छिक. नेमणुकीचे नियम मात्र तसेच राहतील. म्हणजे सुई घ्या आणि खाली जा. लसीचे खोके टेबलावर होते, शेजारी ‘कवच’ची डबी होती. एकही पांढरा जागचा हलला नाही.

रूपाली भिंतीपासून सुटली आणि चालत टेबलाजवळ गेली.

“सर, भेळ तुम्हीही खाल्लीत,” ती म्हणाली. “दोनदा मागून घेतलीत. तुम्ही लस घेताय का?”

पाटकर म्हणाले की हा माझा खासगी प्रश्न आहे.

“मग अंगठा ठेवा. हे सगळे ठेवतात, मी ठेवला होता. तुम्हाला रोज पांढऱ्या फितीत बघतोय आम्ही.”

कुजबुज सुरू झाली. पाटकर म्हणाले की सिस्टर, तुम्ही दमलेल्या आहात, जाऊन विश्रांती घ्या. तेवढ्यात समृद्धी उभी राहिली. आईच्या बाजूनं नव्हे. तिचा पाटकरांवर विश्वास होता, त्यांनी तिला निवडलं होतं, आणि आपल्या आईनं भरसभेत तमाशा मांडल्याची तिला लाज वाटत होती. तिचा आवाज थकलेला होता.

“सर, ठेवा ना एकदा अंगठा. म्हणजे मम्मी गप्प बसेल.”

पाटकरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

बस, एवढंच झालं. त्यांनी काही कबूल केलं नाही, पण खिशात गेलेले हात सगळ्यांनी बघितले. मग पाटकरच बोलले, कारण गप्प राहणं त्यांना जमेना. मी प्रमुख आहे, मीच आजारी पडलो तर रुग्णालय कोण चालवणार, विश्वस्तांनी आणि मी पहिल्याच वर्षी ती काळजी घेतली, त्यात गैर काय, आणि फितीचं म्हणाल तर ती प्रशासकीय बाब आहे.

रूपालीला वाटलं की टेबलावरची डबी उचलून या माणसाच्या तोंडावर मारावी. सगळी वर्षं हा माणूस हिरवा होता. रूपाली बेडपॅन धूत होती तेव्हा हिरवा होता, एस्तेरला घरी बसवलं तेव्हा हिरवा होता, आणि निर्धास्तपणे भेळ खात असताना समोर बसलेल्या पोरांच्या ताटात काय पडतंय ते यानं बघितलं नाही. आणि त्याची ती खोटी पांढरी फीत बघून तिची लेक मरायला तयार झाली होती.

खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतला एक डॉक्टर उठून टेबलाकडं आला, त्याच्यामागं दोन नर्सा. पण सगळ्यांच्या पुढं समृद्धी पोचली होती. तिनं आईकडं बघितलं नाही. मनगटावरची पांढरी फीत दातांनी तोडली, बाही वर केली आणि दंड पुढं केला.

“टोच,” ती म्हणाली.

सुईआधी अंगठा बघायचा हा नियम होता. रूपालीनं तिचा हात धरून डबीवर ठेवला. हात गरम होता.

हिरवा दिवा लागला.

कुणीतरी हसलं. पाटकरांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं की सुंठीवाचून खोकला गेला. ते मोठ्यानं म्हणाले की बघा, सिस्टरनी स्वतःच्या मुलीला केव्हाच गुपचूप टोचलेली आहे, आणि त्या आम्हाला जाब विचारतायत.

समृद्धी गोंधळून दिव्याकडं बघत होती. मी घेतलेली नाही, खरंच घेतलेली नाही, असं पुटपुटत होती. रूपालीनं तिला खांद्याला धरून खिडकीकडं वळवलं, दुपारच्या लख्ख उजेडात. इतका वेळ पोरगी खिडकीकडं पाठ करून बसली होती. रूपालीनं अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि आतलं बुबुळाभोवतीचं पांढरं बघितलं. ते पांढरं राहिलं नव्हतं.

“किती दिवस जेवली नाहीस?” तिनं विचारलं.

“चार-पाच दिवस. मळमळतंय. मला वाटलं कामाचा ताण असेल.” मग नर्सच असल्यामुळं तिला सगळं एकदम कळलं, आणि ती लहान पोरीसारखी आईच्या पदराला धरून उभी राहिली. “मम्मी, माझी लघवी काल काळ्या चहासारखी झाली होती गं. मी कुणाला सांगितलं नाही.”

रूपालीनं लसीची सुई परत खोक्यात ठेवली. ती पाटकरांकडं वळली.

“लस दिलेली नाही हिला,” ती म्हणाली. “कावीळ झालीय. तुमच्या नियमाप्रमाणं आता ही जन्मभर हिरवी, जगली तर.”

पाटकर म्हणाले की तिला लगेच चांगल्या खोलीत ठेवू, पाहिजे ते उपचार करू, खर्चाचा प्रश्न नाही.

“पिवळ्या वॉर्डातच ठेवायची. तिथं काम येणारी माणसं आहेत.” तिनं एस्तेरला हाक मारून खाट लावायला सांगितलं. मग टेबलापलीकडं जाऊन पाटकरांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांचा हात खिशातून बाहेर काढला. कुणी मध्ये पडलं नाही.

“तिसऱ्या पाळीला माझ्याकडं माणूस कमी आहे, सर. हिरव्या अंगठ्याचा पाहिजे.”

ते हात सोडवून घ्यायला बघत होते. समृद्धी तोंडावर हात दाबून ओकारी आवरत होती. रूपालीनं भिंतीजवळचं हात धुण्याचं तसराळं ओढलं आणि ते पाटकरांच्या हातात दिलं.

“धरा तिच्यासमोर,” ती म्हणाली. “नीट धरा.”